औषध सांगितले की गुण जातो का?



साहित्याच्या व्याख्यानमालेत वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षकाला बोलावून आपण थोडे धाडसच केले आहे. विषय ठरवताना मलाही प्रश्न पडला. वनौषधींवर बोलावे, तर श्रोते वही-पेन काढून बसतात आणि गुडघेदुखीवर काय घ्यावे ते विचारतात. ते सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण वनौषधींची एक बाजू अशी आहे की ती वैद्यांपेक्षा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांच्या जवळची आहे. औषधाचे ज्ञान सांगावे की झाकावे, ते तोंडी ठेवावे की लिहून ठेवावे, हा तो प्रश्न. आज त्याबद्दलच बोलतो.

सुरुवात आमच्या शालीबंड्याच्या वाड्यापासून करतो. तिथे मागच्या खोल्यांत एक आजी राहत. सगळी गल्ली त्यांना कावीळवाल्या आजी म्हणे. मराठी, तेलुगू, मुसलमान, मारवाडी, सगळ्यांच्या घरचे रोगी रविवारी पहाटे त्यांच्या दारात उभे असत. शनिवारी संध्याकाळी त्या कुठल्याशा झाडाला अक्षता वाहून आमंत्रण देऊन येत, रविवारी सूर्य उगवण्याआधी पाला आणत, वाटत आणि ताकातून देत. पैसे घेत नसत. नारळ ठेवला तर तेवढा घेत. माझ्या वडिलांनी एकदा विचारले, "आजी, झाड कोणतं ते तरी सांगून ठेवा." त्या म्हणाल्या, "सांगितलं की गुण जातो, बाळा." मी इंटरला असताना त्या गेल्या. मुलांना काही ठाऊक नव्हते. गुण राहिला की गेला हा प्रश्नच उरला नाही, कारण औषधच गेले.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकलो आणि शिकवले. ते झाड कोणते असेल याचा तर्क अनेकदा केला. भुईआवळी असेल, एरंड असेल, पुनर्नवा असेल. पण तो तर्कच. आणखीही एक गोष्ट पुढे कळली. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणजे आजींच्या औषधाने किती जण बरे झाले आणि ताक, पथ्य, विश्रांती यांवर किती जण बरे झाले असते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. औषध चांगले होते असे म्हणता येत नाही, वाईट होते असेही म्हणता येत नाही. मला गुपिताचे खरे नुकसान हे वाटते.

गुपित का ठेवतात?

गुपित ठेवणाऱ्याला लबाड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते न्यायाचे नाही. पहिले कारण श्रद्धेचे. ज्ञान गुरूकडून किंवा साधूकडून अटीवर मिळालेले असते आणि ती अट मोडणे म्हणजे पाप. दुसरे कारण पोटाचे. गावोगाव फिरणाऱ्या वैदूकडे जमीन नाही, दुकान नाही. त्याची मिळकत म्हणजे झोळीतल्या मुळ्या आणि त्यांची माहिती. ती उद्या पंसाऱ्याने ऐकली, तर परवा वैदू उपाशी. तिसरे कारण काळजीचे. बिब्बा, बचनाग, धोत्रा ही औषधेही आहेत आणि विषेही. मात्रेची जाण नसलेल्या माणसाला नुसते नाव सांगणे म्हणजे लहान मुलाच्या हाती विळा देणे.

तिन्ही कारणांत तथ्य आहे. तरीही गुपिताची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. ती नेहमी रोगी मोजतो. त्याला आपण काय खाल्ले ते कळत नाही. उलटी झाली, अंगावर पुरळ उठले, तर दुसऱ्या वैद्याला काय सांगायचे ते ठाऊक नसते. आणि औषध खरोखर गुणकारी असले, तर ते दुसऱ्या गावातल्या रोग्यापर्यंत पोचत नाही.

एक दुकान, चार भाषा

नुसते नाव सांगून काम भागते असेही नाही. आपल्या बेगम बाजारात जडीबुटीच्या दुकानापाशी अर्धा तास उभे राहा. मराठी बाई गुळवेल मागते, तेलुगू गिऱ्हाईक तिप्पतीगा मागते, हकीमसाहेबांच्या चिठ्ठीवर गिलो असते. दुकानदार तिघांना एकाच पोत्यातून देतो आणि ते बरोबर असते. पण ब्राह्मी मागितली तर? काही वैद्य ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागेतली बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी समजतात. आपल्याकडे अनेक घरांत ब्राह्मी म्हणजे मंडूकपर्णी, वाटोळ्या कातरलेल्या पानांची जमिनीवर पसरणारी वेल. दोन्हींची कुळेही वेगळी. शंखपुष्पी या नावाखाली निदान तीन वनस्पती विकल्या जातात. रास्ना उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी.

हा केवळ पंडिती वाद नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या एका उपचारात चिनी वनौषधी दिल्या जात होत्या. त्यांतल्या एका मुळीचे चिनी नाव दुसऱ्या मुळीच्या नावासारखे होते आणि पुड्यांत भलतीच मुळी गेली. ती ॲरिस्टोलोकिया या कुळातली होती. शंभरच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे काहींना कर्करोगही झाला. आपल्याकडची सापसन याच कुळातली. नावाच्या एका अक्षराने काय होते, हे साहित्याच्या माणसांना वेगळे सांगायला नको.

कडू कवठ

आता एका झाडाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. या झाडाने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे असे मला वाटते.

सह्याद्रीच्या ओल्या भागात, ओढ्यांच्या काठी कडू कवठ नावाचे सदाहरित झाड आढळते. चटणीच्या कवठाशी त्याचे नाते फक्त रूपाचे आहे. फळ गोल, तपकिरी, टणक सालीचे. आत गरात दाटीने बसलेल्या तेलकट बिया. शास्त्रीय नाव हिड्नोकार्पस. संस्कृतात त्याला तुवरक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात याचे वर्णन आहे. पश्चिम समुद्राच्या काठी, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने हलणारे हे वृक्ष, त्यांची फळे पावसाळ्यात काढावीत, मगज वाळवून तेल काढावे, ते पंधरवडाभर गोवऱ्यांच्या चुऱ्यात पुरून ठेवावे आणि मग कुष्ठ आणि प्रमेह यांवर द्यावे, असा त्याचा आशय. झाड कुठे उगवते, कोणता भाग घ्यायचा, कधी घ्यायचा, कसा तयार करायचा, हे सगळे तिथे सांगितलेले आहे. म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांची रीत गुपिताची नव्हती.

पण ग्रंथात असलेले सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुष्ठरोग्यांचे हाल पाहून एका मराठी डॉक्टरने या बियांच्या तेलाचा कसून उपयोग सुरू केला. ते म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. जन्म १८२२, गाव पेडण्याजवळचे मांद्रे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले ते पदवीधर. आपल्या हैदराबादकरांना त्यांची दुसरी ओळख असायला हवी. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि तिथले शिलालेख वाचून त्यांचा अर्थ एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापणारे ते विद्वान होते. शिलालेखाचे एकेक अक्षर त्यांनी जगापुढे ठेवले, चुका दाखवायला वाव दिला.

कुष्ठावरच्या औषधाच्या बाबतीत मात्र त्यांची रीत वेगळी राहिली. १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी अनेक रोग्यांवर उपचार केले, त्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली, लोक आशेने येऊ लागले. पण औषध कोणते ते त्यांनी हयातीत जाहीर केले नाही. त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ साली ते वारले. हे औषध म्हणजे कडू कवठाच्या बियांचे तेल, हे नंतर सर्वांना कळले. भाऊ गरिबांचे डॉक्टर होते. औषधाचा धंदा करण्याचा हेतू त्यांना चिकटवता येत नाही. अर्धवट प्रयोग जाहीर करू नये, असा वैज्ञानिकाचा संकोचही असेल. पण परिणाम व्हायचा तो झालाच. त्यांनी कोणत्या रोग्याला किती दिवस किती तेल दिले, कुणाचा रोग उलटला, याची छापील नोंद पुढच्यांच्या हाती आली नाही. १८७३ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी, नॉर्वेत हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू पाहिला होता. दोन धागे अगदी जवळ आले होते. ते जुळले नाहीत.

चुकीचे झाड, बरोबर बी

इकडे कलकत्त्यात १८५४ मध्येच फ्रेडरिक मोआट या डॉक्टरने चालमुग्रा नावाच्या बियांच्या तेलाबद्दल छापून टाकले होते. चालमुग्रा ही कडू कवठाचीच पूर्वेकडची भावकी. छापल्यामुळे ते तेल युरोपच्या औषधकोशांत गेले. पण छापण्यात एक गफलत होती. या बिया ज्या झाडाच्या समजल्या जात होत्या ते जायनोकार्डिया हे झाड त्यांचे नव्हतेच. बाजारात दिसायला सारख्या बिया मिसळल्या जात, आणि कुणाच्या हाती खरे बी आले, कुणाच्या हाती खोटे. जवळजवळ पन्नास वर्षे हा गोंधळ चालला. शेवटी १९०१ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे डेव्हिड प्रेन यांनी खरे चालमुग्रा ब्रह्मदेशाकडच्या टॅरॅक्टोजेनोस कुर्झी या झाडाचे असल्याचे दाखवले. त्याच सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी या तेलांतली विशिष्ट आम्ले वेगळी केली. ती आम्ले आपल्या सह्याद्रीतल्या कडू कवठातही आहेत हे समजल्यावर हिंदुस्थानातल्या दवाखान्यांना ब्रह्मदेशाच्या जंगलाकडे पाहायची गरज उरली नाही.

गोंधळ झाला हे खरे, पण तो निस्तरता आला कशामुळे? छापलेले होते म्हणून. चूक उघड्यावर असली की ती कुणीतरी दुरुस्त करतो. गुपितात दडलेली चूक कुणाला दुरुस्त करता येत नाही.

तेलाची दुसरी अडचण चवीची. ते इतके मळमळणारे की रोगी चार दिवसांत सोडून देत. टोचावे तर घट्ट तेल अंगात जिरत नसे, गाठी येत. यावर तोड काढली ती हवाई बेटांवरच्या ॲलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने. १९१५-१६ च्या सुमारास तिने तेलातल्या आम्लांचे एस्टर तयार केले. ते पातळ होते आणि टोचता येत. १९१६ च्या शेवटी, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती वारली. तिचे काम तिच्या विद्यापीठाच्या प्रमुखाने तिचे नाव न घेता पुढे छापले. ज्या डॉक्टरने तिला हे काम सुचवले होते त्याने १९२२ मध्ये तिचे नाव लिहून ठेवले म्हणून आज ते आपल्याला ठाऊक आहे. औषध उघड करून करणाऱ्याचे नाव झाकणे, हाही गुपिताचाच एक प्रकार.

डिचपल्ली

काचीगुड्याहून नांदेडच्या गाडीत बसलात की निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली स्टेशन लागते. आपण किती वेळा तिथून गेलो असू. निजामाच्या राज्यातला कुष्ठरोगावरचा एक मोठा प्रयत्न इथे झाला. इसाबेल कर नावाच्या स्कॉटिश डॉक्टर आणि त्यांचे पती जॉर्ज कर यांनी १९१५ साली इथे रुग्णालय उभे केले. निजामाबादचे राजा नरसागौड यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. त्या काळी कुष्ठरोग्याला आश्रय मिळे, उपचार मिळत नसे. डिचपल्लीने दोन्ही दिले. उपचार होता हिड्नोकार्पसच्या तेलाच्या सुया. आठवड्यामागून आठवडे, महिन्यामागून महिने. सुया दुखत. तरी लोक येत, कारण घरचा उंबरा बंद झालेल्या माणसाला कुणीतरी हात लावून सुई टोचते आहे, हेच नवलाचे होते.

मग या तेलाने रोग बरा झाला का? इथे आपल्या मनासारखे उत्तर देण्याचा मोह टाळला पाहिजे. आरंभीच्या अवस्थेतल्या काही रोग्यांचे चट्टे गेले. पण कुष्ठरोगाच्या सौम्य प्रकारात चट्टे आपोआपही जातात. अनेकांचा रोग उलटला. मुरलेल्या रोगावर तेलाचा फारसा उपाय चालला नाही. तेल घेणारे आणि न घेणारे अशी नीट तुलना फार उशिरापर्यंत झाली नव्हती. हजारो वर्षांच्या परंपरेचे आणि शंभर वर्षांच्या परिश्रमाचे हे औषध शेवटी अपुरे ठरले.

१९४० च्या दशकात सल्फोन वर्गातली औषधे आली. जॉन लो हे डॉक्टर पूर्वी डिचपल्लीत काम करत असत, तेलाच्या सुया देत असत. पुढे ते कलकत्त्याला आणि तिथून नायजेरियात गेले. डॅप्सोनची साधी गोळी तोंडाने देऊन कुष्ठरोग आटोक्यात येतो हे दाखवणाऱ्यांत ते होते. तेलाच्या मर्यादा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, नोंदी ठेवायची शिस्त तिथेच लागली होती. बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केले तेव्हा हाताशी डॅप्सोन होते. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचार सुचवला. आज सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो आणि सहा महिने किंवा एक वर्षात रोग बरा होतो.

काही वैद्यमित्र ही गोष्ट ऐकून नाराज होतात. म्हणतात, म्हणजे तुमचे म्हणणे असे की आपले औषध हरले. मला तसे वाटत नाही. उघड झालेले औषध तपासता येते. तपासले की कधी ते टिकते, कधी मागे पडते. मागे पडले तरी त्याने रस्ता दाखवलेला असतो. कडू कवठ मागे पडले, पण ते हरवले नाही. आमच्या आजींचे औषध हरवले. दोघांत फरक आहे तो एवढाच.

आपल्या शहरातली तीन औषधे

आता हैदराबादकडे वळू. गुपिताचे आणि उघडेपणाचे तीन नमुने आपल्या शहरातच आहेत.

पहिला नमुना दरवर्षी जूनच्या सुरुवातीला मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दिसतो. दम्याचे रोगी देशभरातून येतात. बत्तिनी गौड कुटुंबातली माणसे मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात पिवळी लगदी ठेवून ते जिवंत पिल्लू रोग्याला गिळायला देतात. शाकाहारी माणसाला लगदी गुळातून मिळते. कुटुंबाच्या सांगण्यानुसार १८४५ साली एका साधूने पूर्वजाला हे औषध दिले. अट दोनच, पैसे घ्यायचे नाहीत आणि कृती सांगायची नाही. पैशाची अट ते पाळतात, हे मान्य केले पाहिजे. एवढ्या गर्दीला फुकट औषध देणे सोपे नाही. पण कृती गुप्त असल्याने तपासणीचा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि ज्याला पूर्वी औषध म्हणत त्याला आता प्रसाद म्हणतात. शब्द बदलला तो उगाच नाही. प्रसादाकडून कुणी पुरावा मागत नाही. माझी काळजी एवढीच, की रांगेतला एखादा रोगी श्वासाचे रोजचे औषध थांबवून घरी जाऊ नये. दमा मधूनच बरा वाटतो आणि मधूनच जीवघेणा होतो.

दुसरा नमुना आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे. झिंदा तिलिस्मात. हकीम मोहम्मद मोईझुद्दीन फारूकी यांनी १९२० साली ते सुरू केले. लहानशी बाटली, वर आफ्रिकी पुरुषाचे चित्र. तिलिस्मात म्हणजे जादू, पण बाटलीवर घटक लिहिलेले असतात. निलगिरीचे तेल मुख्य, शिवाय कापूर, पुदिन्याचे आणि ओव्याचे सत्त्व. चोंदलेले नाक का मोकळे वाटते हे त्यावरून कळते, आणि दूध पिणाऱ्या बाळाला हे का देऊ नये हेही कळते, कारण कापूर आणि निलगिरी लहान मुलांच्या पोटात गेले तर धोका असतो. घटक छापले म्हणून शंभर वर्षांत धंदा बुडाला नाही. सांगितल्याने गुण गेला नाही, आणि गिऱ्हाईकही गेले नाही.

तिसरा नमुना एर्रगड्ड्याचा. तिथल्या युनानी संशोधन संस्थेत कोडाचे, म्हणजे हकीम ज्याला बरस म्हणतात त्या रोगाचे रुग्ण दूरदूरून येतात. कोडावर युनानी आणि आयुर्वेद दोन्हींत बावची महत्त्वाची. बावचीत सोरालेन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेला सूर्यप्रकाशाबाबत हळवी करतात आणि रंग परत यायला मदत होते. इजिप्तमध्येही अशाच द्रव्यांची एक वनस्पती लोक कोडावर वापरत. १९४० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांनी तिच्यातले द्रव्य वेगळे केले आणि त्यावरून अतिनील किरणांचा आजचा उपचार आला. पण बावचीचा लेप लावून उन्हात जास्त बसले तर कातडी भाजते, आणि पोटात बेताल घेतली तर यकृताला इजा होऊ शकते. हे कळले ते औषध उघड्यावर आले, रुग्णांच्या नोंदी झाल्या म्हणून. मात्रा, वेळ, उन्हाची मिनिटे, हे आता सांगता येते.

छापलेली हळद

उघडे केले की दुसरे लुटून नेतील, ही भीती खोटी नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या आईने बोट कापल्यावर हळद दाबली ती आता गुन्हा ठरणार की काय, अशी थट्टा तेव्हा झाली. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने दावा लढवला. तिथे आईची आठवण चालत नव्हती. लागत होता तो छापील पुरावा. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले बत्तीस संदर्भ पुढे ठेवले गेले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून अशा ज्ञानाचा अंकीय कोश तयार होऊ लागला. आपल्या गड्डीअन्नारमच्या भारतीय वैद्यकवारसा संस्थेत जुन्या संहिता आणि निघंटू संगणकावर आणण्याचे काम झाले, तेही याच वाटेचे.

म्हणजे लुटीपासून हळदीला वाचवले ते गुपिताने नाही, छपाईने. या दृष्टीने मला शंकर दाजीशास्त्री पदे यांचे मोल फार वाटते. १८६७ ते १९०९ एवढेच आयुष्य. १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलन भरवणारे ते. त्यांचा 'आर्यभिषक्' घरोघरी गेला. वैद्याच्या पोथीतले ज्ञान त्यांनी मराठी बाईच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या 'ओषधीसंग्रहा'ने देशी नावाला शास्त्रीय नावाची जोड दिली. त्यातले सगळेच आज टिकेल असे नाही. पण काय टिकते ते पाहता येते, कारण ते लिहिलेले आहे.

वैदूच्या पोटाचा प्रश्न मात्र छपाईने सुटत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात ज्ञान सांगणाऱ्याला लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे आणि गावोगावी लोकांच्या नोंदवह्या ठेवायच्या आहेत. तरतूद कागदावरून झोळीपर्यंत पोचली, तर वैदूला गुपिताची गरज कमी पडेल. ती पोचवणे आपले काम आहे.

घरच्या काढ्याबद्दल

शेवटी घरातली गोष्ट. कोरोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांनी गुळवेलीचा काढा प्यायला असेल. मीही प्यायलो. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी काही रोग्यांचा अहवाल छापला. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला सूज आली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेले नाही. वाद अजून चालू आहे. पण पाहा, प्रश्न पुन्हा तेच. झाड कोणते? भाग कोणता? किती घेतले? किती दिवस? बरोबर दुसरे काय चालू होते? रोग्यांपाशी या प्रश्नांची उत्तरे असती, तर वाद लवकर मिटला असता.

म्हणून माझी विनंती एवढीच. घरात कुणी वनौषधी घेत असेल तर वहीत लिहा. डॉक्टरांपासून लपवू नका. रक्त पातळ करणारी, साखरेची, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी विचारा. "झाडपाला आहे, अपाय काय होणार" हे वाक्य मनातून काढून टाका. ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असू शकतो.

आणि परिषदेकडे एक मागणे. आपल्या शहरात काचीगुडा, गौळीगुडा, शालीबंडा, हुसैनी आलम इथल्या जुन्या मराठी घरांत अजून आठवणी आहेत. कुणाची आजी गोवरावर काय देई, कुणाचे आजोबा नारूवर काय बांधत. प्रत्येकाने एकेक पान लिहावे. झाडाचे नाव जितक्या भाषांत ठाऊक असेल तितक्या भाषांत, शक्य तर वाळवलेले पान चिकटवून. कुणाला गुण आला ते लिहावे, आणि कुणाला आला नाही तेही. हे वापरण्यासाठी नव्हे. तपासणाऱ्याच्या हाती काहीतरी असावे म्हणून. माझे पान मी लिहिले आहे. त्यात आजींबद्दल सगळे आहे: शनिवारची अक्षता, रविवारची पहाट, ताक, नारळ. झाडाच्या नावाची जागा मात्र कोरी आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी ते नाव आठवत असेल, तर जाताना मला जरूर सांगा.